भुऱ्याची खोड

फुला सासरी गेली आणि त्याच आठवड्यात भुऱ्याने तिची जुनी चोळी फाडून खाल्ली. तिचा बाप चिमाजी म्हणाला, जाऊ दे, चिंधीच ती. मग त्याच्या वहाणेचा अंगठा गेला. मग सुपाची कड, केरसुणीची मूठ, घोंगडीचा एक कोपरा. मोटेच्या चामडी सोंडेला दात लागले त्या दिवशी मात्र चिमाजीने कासरा काढला आणि कुत्र्याला असा झोडपला की शेजारची बनाबाई मधे पडली. भुऱ्याने मार खाल्ला, चिमाजीचे पाय चाटले आणि दुसऱ्या दिवशी उसळीचा लाकडी पळा कुरतडून ठेवला.

भोंगवलीच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला चिमाजीचं घर. फुला अंगणात रांगत होती तेव्हाच तिची आई तापाने गेली. चिमाजीने दुसरी केली नाही. पोरीला सावत्र आई नको असं त्याला वाटलं असेल, किंवा मुलगी बघायला जायचं म्हणजे चार माणसांत बसून बोलावं लागतं, म्हणूनही असेल. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आटलेल्या विहिरीतून पाणी शेंदायचं. फुला मात्र शेंदायची. आज काय रांधू, रानात कुठल्या तुकड्यात आहात, परतायला उशीर का झाला. ती विचारायची म्हणून तो सांगायचा. तिचं लग्न होऊन ती कामथडीला गेली, आणि विचारणारं माणूसच घरात उरलं नाही. दिवसचे दिवस चिमाजी बैलांना 'हो' आणि 'हाऽ' एवढंच म्हणायचा. बोलण्याची माणसाला सवय लागते तशी न बोलण्याचीही लागते, आणि ही दुसरी सवय फार चिवट असते.

घरातून निघताना 'येतो' म्हणायचं ही आपल्याकडची रीत. 'जातो' म्हणणं अभद्र. चिमाजी दोन्ही म्हणत नसे. घोंगडी खांद्यावर टाकली, दाराला कडी घातली, की चालू पडला. फुलाच्या पहिल्या दिवाळसणानंतर तिला कामथडीला पोचवायला गेला, तेव्हाही त्याने हेच केलं. ती आतून पाण्याचा तांब्या आणायला गेली तेवढ्यात हा गृहस्थ अंगणातून पसार झाला. लेकीच्या डोळ्यांत पाणी बघायची त्याची छाती नव्हती. तांब्या घेऊन ती बाहेर आली तेव्हा काय झालं असेल याचा विचार त्याने वाटेत एकदा केला, आणि मग पाय उचलून चालला.

तर भुऱ्या. तो फुलाने पाळलेला. ओढ्यात सापडलेलं ओलं पिल्लू तिने पदरात गुंडाळून आणलं होतं. ती होती तोवर त्याने घरातल्या काडीलाही तोंड लावलं नव्हतं, आणि आता चिमाजीने दार लावून पाठ फिरवली की त्याचे दात शिवशिवायला लागत. संध्याकाळी दार उघडावं तर हा शेपूट पायात घालून कोपऱ्यात, आणि मधे घरात काहीतरी फाटलेलं.

गावाने उपाय सांगितले. उपाय सांगायला कुणाच्या बापाचं काय जातं. कुणी म्हणालं, मिरची वाटून लावा. चिमाजीने लावली. भुऱ्या शिंकला, घंगाळभर पाणी प्यायला आणि काम पुरं केलं. कुणी म्हणालं, कडुनिंबाचा पाला ठेचून लावा. कडू तर कडू, त्याने तेही सोसलं. शेवटी ओढाळ गुराच्या गळ्यात बांधतात तसं लाकडाचं लोढणं चिमाजीने त्याच्या गळ्यात बांधलं. भुऱ्याने ते लोढणं घरभर ओढत पाण्याचा माठ फोडला, आणि मग बसून लोढणंच कुरतडलं.

अशात फुलाला दिवस गेल्याचा निरोप आला.

पहिलं बाळंतपण माहेरचं. याला कुणाचा वाद नाही. पण फुलाची सासू सगुणाबाई ही करड्या शिस्तीची बाई. तिने बाजारच्या माणसाबरोबर कळवलं की घरात बाईमाणूस नाही, तेव्हा मी स्वतः येऊन बघेन, मनाला पटलं तर सून धाडेन. चिमाजीला यात काही वावगं वाटलं नाही. पोटुशी पोर कुणीही अशी डोळे मिटून धाडत नाही.

तो कामाला लागला. बनाबाईला जाऊन कसंबसं विचारलं. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची, ती एका शब्दात कबूल झाली, रात्रीची निजायलाही येईन म्हणाली. चिमाजीने भिंती पोतारल्या, जमीन सारवून घेतली. डिंक, खारीक, खोबरं आणून शिंक्यावर टांगलं. बाजेची जुनी दोरी उकलून नवी विणली. माळ्यावरून पाळणा खाली काढला. तो फुलाच्या मामाने घडवलेला, चार कोपऱ्यांना चार लाकडी राघू. त्याने एकेक राघू ओल्या फडक्याने पुसला. हे सगळं करताना तो बायकांसारखा गुणगुणत होता असं बनाबाई पुढे सांगायची. ते खरं असावं. दोन-तीन महिने या घरात चूल दोनदा पेटेल, कुणीतरी 'आबा, जेवलात का' म्हणेल, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्यासाठी तो महिनाभर एका पायावर उभा राहिला असता.

आणि भुऱ्याने बाजेची नवी दोरी एका बाजूने कुरतडली.

चिमाजीने तेवढी दोरी पुन्हा ओवली. त्याच्या रिकाम्या वावरात तेव्हा वेल्ह्याकडचा रायबा धनगर मेंढरं बसवायला उतरला होता. शिमग्याच्या आत त्याला वर परतायचं होतं. त्याने चिमाजीचं तोंड बघितलं आणि सांगितलं की बिब्बा लावा, बिब्ब्याला कुत्रं काय, लांडगाही तोंड लावायचा नाही. आणि तरीही ऐकलं नाही तर कुत्रं मला द्या, माझ्या मेंढवाड्याला राखणीला लागतंय.

बिब्बा चिमाजीला लगेच पटला. बाळंतिणीच्या घरात बिब्बा असतोच. दाराला बांधतात, डिंकाच्या लाडवात घालतात. टाचेला भेगा पडल्या की चिमाजी स्वतः बिब्ब्याचा चटका देऊन घ्यायचा, आणि त्याच्या राकट कातडीला कधी काही झालं नव्हतं. आता बिब्बा ज्याच्या अंगावर उततो त्याला कशी सूज येते, फोड येतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते नेहमी दुसऱ्या कुणाला तरी झालेलं होतं. त्याने दाभणाला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, आणि ठिबकणारं काळं तेल बाजेच्या खुरांना, दांड्यांना चोळलं. लाकूड आधीच जुनं, काळं, त्यात ते दिसेनासंही झालं. फुला यायच्या आधी राखेने घासून काढू असं त्याने मनाशी ठरवलं. बनाबाई भिंतीपलीकडेच होती. तिला एक शब्द विचारला असता तर तिने तिथल्या तिथे त्याच्या हातातलं दाभण काढून घेतलं असतं. पण विचारणं हा त्याचा पिंड नव्हता.

सगुणाबाई यायची होती त्याच्या आदल्या दिवशीच आली. कामथडीची कुणाची तरी बैलगाडी किकवीपर्यंत येणार होती, तीत बसून. तिने घर पाहिलं, चूल पाहिली, शिंक्यावरची खारीक हाताने दाबून पाहिली. बनाबाईशी बोलली. आणि मग दमलेली बाई करते ते तिने केलं. बाजेवर बसली. दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दांडे धरून, पाय खाली सोडून, चांगली ऐसपैस बसली.

चिमाजी दारात उभा होता. 'तिथं नका बसू' हे तीन शब्द त्याच्या घशापर्यंत आले. पण विहीणबाईंना बसल्या जागेवरून उठवायचं, मग कारण सांगायचं, मग कुत्र्याची सगळी रामकहाणी सांगायची, आणि ती ऐकून या म्हणणार की असलं कुत्रं असलेल्या घरात मी सून धाडू होय. तेल आता वाळलं असेल असं त्याने स्वतःला सांगितलं. शब्द गिळले.

सगुणाबाई उठली तेव्हा तिचं मन भरलं होतं. येत्या सोमवारी गाडी जुंपून फुलाला आणून सोडते म्हणाली. ती गेल्यावर चिमाजी शेजारी गेला आणि बनाबाईला आपण होऊन सांगितलं, "सोमवारी येतीया." काही काम नसताना त्याने आपण होऊन बोललेलं बनाबाईने त्या वर्षात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो रानातून आला तर भुऱ्याने बाजेला खरंच तोंड लावलं नव्हतं. त्याने पाळण्याच्या एका राघूची चोच खाल्ली होती.

आणि सोमवारच्या आत निरोप आला. विहीणबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेत, मांडीला फोड आलेत, वैदूने बघताक्षणी बिब्बा म्हणून सांगितलं. लेकीच्या बाजेला बिब्बा माखणाऱ्या घरात आम्ही सून धाडत नाही. बाळंतपण इथेच होईल.

निरोप्या गेल्यावर चिमाजीने बाजेचे दांडे राखेने घासून काढले. त्याला राग आला तो कुत्र्याचा. स्वतःचा राग करायला माणसाला थोडा अवधी लागतो. सकाळी तो तडक वावरात गेला आणि रायबाला म्हणाला की वर जाताना कुत्रं घेऊन जा. रायबा उद्याच निघणार होता. मग चिमाजीने घराला कडी घातली आणि किकवीवरून सडक धरून कामथडीची वाट चालायला लागला. हाता-पाया पडून बघू, एवढंच त्याच्या मनात होतं.

सगुणाबाईच्या हातांना तीळ-खोबऱ्याचा लेप होता. तिने आरडाओरडा केला नाही. घोंगडी अंथरून घेतली, आतून गूळ-पाणी मागवलं. चिमाजीने मान खाली घालून कुत्र्याचं, दोरीचं, बिब्ब्याचं सगळं सांगितलं. इतकं लांबलचक तो आयुष्यात कधी बोलला नसेल. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती.

"कुत्र्याचं म्या समजले," ती म्हणाली. "पर म्या बाजंवर बसले तवा तुमी म्होरंच हुता, पाव्हनं. तवा का बोलला न्हाई?"

चिमाजीने हातातला गुळाचा खडा तांब्याशेजारी ठेवून दिला.

"तुमचं मन वाईट न्हाई, मला ठावं हाय. पर बाळातपनात येळंला बोलनारं मानूस लागतंय. उद्या पोरीला रातीचं काय झालं, आन् तुमी असंच दारात हुबं ऱ्हायला, तर?" तिने लेपाचे हात पदरावर ठेवले. "पोर हितंच ऱ्हाऊ द्या."

ती बरोबर बोलत होती. हेच सगळ्यात वाईट होतं. ती चुकीचं बोलली असती तर तो भांडला तरी असता, किंवा निदान मनातल्या मनात भांडला असता. त्याने मान हलवली आणि उठला.

फुला गोठ्याच्या पडवीत उभी होती. पोटाने जड झालेली, चेहरा ओढलेला. तिने घराचं काही विचारलं नाही. तिने विचारलं ते कुत्र्याचं, आणि ऐकता ऐकता तिच्या तोंडावर थोडं हसू आलं.

"आबा, म्या हुते तवा त्यो का न्हाई कुरतडत हुता?"

चिमाजीने खांदे उडवले.

"म्या रानात निगाले की त्येच्या म्होरं बसायची. म्हनायची, येते रं भुऱ्या, दिस कलायच्या आत येते. मंग त्यो पायावं त्वांड ठिवून पडून ऱ्हायचा. तुमी सांगता का त्येला?"

"कुत्र्याला काय सांगायचं?"

"न्हाई सांगितलं तर त्येला कसं कळावं," फुला म्हणाली, "मानूस रानात गेलं का कायमचंच गेलं?"

हे काहीतरी बायकी खूळ आहे असं चिमाजीला वाटलं. कुत्र्याला काय कळतंय. शिवाय आता लेकीसमोर आणखी उभं राहणं त्याला झेपत नव्हतं. त्याने घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि नेहमीसारखा चालू पडला. अंगण ओलांडलं, कुपाटीच्या फटीपर्यंत पोचला. तिथे घोंगडी काट्याला अडकली, म्हणून त्याला मागे वळावं लागलं. भुऱ्याने खाल्लेला कोपराच नेमका अडकला होता.

फुला तिथेच उभी होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या लुगड्याच्या पदराचं टोक तिच्या दातांत होतं. आपण ते चावतो आहोत हे तिच्या ध्यानातही नव्हतं. लुगडं तसं नवंच होतं, दिवाळीचं. पण पदराचा तो कोपरा पार विरला होता, दोरे लोंबत होते. एका दिवसात असा पदर होत नाही. चिमाजीच्या हातात घोंगडीचा कोपरा होता आणि समोर तो पदराचा कोपरा. दोन्हींत काही फरक नव्हता.

त्याला तो पाण्याचा तांब्या आठवला. तांब्या घेऊन ती बाहेर आली असेल, अंगण रिकामं बघितलं असेल, आणि मग किती वेळ अशीच उभी राहिली असेल. घरी त्याने चांगला कासरा ओढून मारला होता तो एका मुक्या जिवाला, आणि अपराध त्या जिवाचा एवढाच की त्याला कुणी सांगून गेलं नव्हतं.

चिमाजी परत फिरला. सगुणाबाई ओट्यावरून बघत होती, तिच्या देखत तो पडवीपर्यंत आला.

"फुले," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द काढायला त्याला खाकरावं लागलं. "येतो गं."

फुलाने पदर तोंडातून काढला.

"बारशाला येतो. पाळना घिऊन येतो."

"या," ती म्हणाली. मग तोंड फिरवून गाईच्या पुढ्यात उगाच वैरण सारायला लागली.

परतीच्या वाटेवर तो जवळजवळ पळतच होता. रायबा उद्या निघणार म्हणाला होता, पण धनगराचं काय, ऊन उतरलं की आजही मेंढरं हाकील. भोंगवलीच्या ओढ्यात पोचला तेव्हा दिवस मावळत होता आणि रायबा खरोखरच त्याच्या अंगणात, हातात दोरी घेऊन बसला होता. आतून दाराला भुऱ्या नखं घासत होता. चिमाजीने कुत्रं देत नाही म्हणून सांगितलं. रायबाने समजावून पाहिलं की बाबा, या जातीची खोड मेल्याशिवाय जात नाही.

"खोड त्येची न्हवती," चिमाजी म्हणाला. रायबाला यातलं काही उमगलं नाही. तो दोरी गुंडाळून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजीने भाकरी फडक्यात बांधली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि दारापाशी थबकला. भुऱ्या नेहमीच्या कोपऱ्यात होता, कान पाडून. चिमाजीने आधी बाहेर बनाबाई दिसते का ते बघून घेतलं. मग गुडघे मोडून कुत्र्यासमोर बसला. आपण येडे दिसतोय हे त्याला कळत होतं.

"येतो रं भुऱ्या," तो म्हणाला. "दिस कलायच्या आत येतो."

स्वतःचाच आवाज त्या रिकाम्या घरात त्याला परक्या माणसाचा वाटला. भुऱ्याने मान तिरकी करून ऐकलं. तो पायांवर तोंड ठेवून पडला की नाही हे बघायला चिमाजी थांबला नाही. पण रानात त्याचं चित्त लागेना. सारखा उन्हाकडे बघायचा. आजवर त्याला कधी घरी परतायची वेळ नव्हती, अंधार पडला की पाय आपोआप वळायचे. आज तो सांगून आला होता, आणि सांगून आलं की जावंच लागतं. सावल्या लांबायच्या आतच त्याने बैल सोडले.

दार उघडलं. भुऱ्या उंबऱ्याला नाक लावून पडला होता. घरात काहीही फाटलं नव्हतं. बाज होती, पाळणा होता, शिंक्यावर खारीक-खोबरं जसंच्या तसं होतं. सगळं जागच्या जागी होतं आणि ते वापरणारं कुणी येणार नव्हतं. इतके दिवस दार उघडल्यावर निदान कुत्र्यावर ओरडायचं तरी काम असे. आज तेही नव्हतं. चिमाजी सारवलेल्या जमिनीवर मटकन बसला आणि त्याला रडू आलं. भुऱ्या जवळ येऊन त्याच्या मांडीला टेकला.

"आलो," चिमाजी त्याला म्हणाला.

पुढे बारशाच्या आधी बनाबाईने त्याला म्हटलं की सुताराकडून त्या राघूला नवी चोच बसवून घ्या, विहीणबाई काय म्हणतील. चिमाजीने पाळणा नीट पुसला, तेल लावलं, दोऱ्या नव्या घातल्या. चोच मात्र तशीच राहू दिली. फुलाला भुऱ्याचे दात ओळखू आले असते.